रोझा पार्क्स थकल्या म्हणून बसून राहिल्या नव्हत्या

१ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात, शिवणकामाने दमलेल्या एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही आणि त्यातून आपोआप आंदोलन पेटले, ही वर्षानुवर्षे सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही.

रोझा पार्क्स तेव्हा अवघ्या ४२ वर्षांच्या होत्या आणि एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव १९४३ मध्येच झाल्या होत्या. त्या गोऱ्यांच्या राखीव जागेवरही बसल्या नव्हत्या. पुढच्या रांगा भरल्यावर चालकाने त्यांच्या रांगेतील चौघांना उठायला सांगितले, तिघे उठले, आणि त्या मात्र खिडकीकडे सरकून तशाच बसून राहिल्या. शरीर थकले नव्हते, सतत नमते घेण्याचा वीट आला होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार टाकण्याचा इशारा तर प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी महिला संघटनेच्या वतीने मे १९५४ मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री रॉबिन्सन यांनी महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली. पुढे ३८१ दिवस बहिष्कार चालला. आणि बसमधील वर्णभेद ज्या खटल्यामुळे संपला, त्यात पार्क्स वादी नव्हत्याच. नऊ महिने आधी अशीच अटक झालेली १५ वर्षांची क्लॉडेट कोल्विन मात्र होती.