ओपिऑइड व निकोटिनी ग्राही

चेतापेशीच्या पटलावरील ज्या प्रथिनांवर ठरावीक रेणू बसला की पेशीचे वर्तन बदलते, त्यांना ग्राही म्हणतात. अफूतील मॉर्फीन आणि तंबाखूतील निकोटीन यांसाठी मेंदूत वेगळी सोय नाही. शरीराच्याच एंडॉर्फिन, एन्केफॅलिन व ॲसिटिलकोलीन या द्रव्यांच्या जागा ती बळकावतात. म्हणून जुनाट वेदना आणि व्यसन यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

ग्राही ही कल्पना प्रथम कोणाची, याविषयी मतभेद आहेत. ‘रिसेप्टर’ हा शब्द पाउल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास वापरला, पण तो विषे व प्रतिकारशक्ती यांसंबंधी. औषधांपुरते श्रेय केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. चेता निकामी झालेला कोंबडीचा स्नायूही निकोटिनाने आकुंचन पावतो व कुरारे या स्नायू लुळे करणाऱ्या विषाने ते आकुंचन थांबते, यावरून स्नायूतच एखादे ‘ग्रहणशील द्रव्य’ असावे, असे त्यांनी १९०५ मध्ये मांडले.

ओपिऑइड म्हणजे अफूसारख्या द्रव्यांच्या ग्राहींच्या शोधाचा वाद अधिक कडवट आहे. लेव्हॉर्फॅनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फॅन हे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. अफूसारखा वेदनाशामक गुण मात्र पहिल्यातच आहे. हा फरक वापरून ग्राही शोधण्याची पद्धत ॲव्हरम गोल्डस्टाइन यांनी १९७१ मध्ये सुचवली. १९७३ मध्ये बॉल्टिमोर येथे कॅन्डेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि उप्सालाला लार्स टेरेनियस यांनी स्वतंत्रपणे ते दाखवून दिले. १९७८ च्या लास्कर या वैद्यकीय संशोधनाच्या पुरस्कारात स्नायडर होते, पर्ट नव्हत्या. प्रयोग त्यांच्या हातचे असल्याने हा अन्यायच म्हणावा लागेल. त्याच पुरस्काराचे मानकरी जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी अबर्डीन येथे डुकरांच्या मेंदूंतून एन्केफॅलिने वेगळी केली (१९७५).

म्यू, डेल्टा व कप्पा हे ओपिऑइड ग्राहींचे मुख्य प्रकार होत. सिग्मा हा आधी यांतच गणला जाई. पुढे तो वगळला गेला. म्यू ग्राही मज्जारज्जूत वेदनेचा संदेश मंदावतात. मध्यमेंदूत मात्र ते सुखाशी निगडित डोपामीन स्रवणाऱ्या पेशींवरचा गाबा या शमन करणाऱ्या द्रव्याचा लगाम सैल करतात आणि सुखाची ओढ लागते. म्यूचे जनुक काढलेल्या उंदरांवर (१९९६) मॉर्फिनाचा वेदनाशामक परिणाम झाला नाही, त्यांना त्याची गोडी लागली नाही आणि ते थांबवल्यावर त्रासही झाला नाही. उपकार आणि अपाय एकाच दारातून येतात, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

निकोटिनी ग्राही, म्हणजे निकोटीन ज्यांवर बसते ते ॲसिटिलकोलीनचे ग्राही, पाच उपघटकांचे आयनमार्ग (विद्युतभारित कणांना वाट देणारी द्वारे) असतात. व्यसनात अल्फा-४ व बीटा-२ हे उपघटक असलेला प्रकार महत्त्वाचा. वेदनेशीही त्यांचा संबंध आहे: इक्वाडोरच्या बेडकापासून मिळालेले एपिबॅटिडीन मॉर्फिनापेक्षा कितीतरी प्रबळ वेदनाशामक असून ओपिऑइड ग्राही अडवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाने त्याचा परिणाम रोखला जात नाही. ते विषारी असल्याने औषध होऊ शकले नाही.

नित्य निकोटीन मिळाले की या ग्राहींची संख्या वाढते. महाराष्ट्रात दातदुखीवर म्हणून सुरू केलेली मशेरी सुटत नाही ती त्यामुळेही. रात्रभर निकोटीन न मिळाल्याने सकाळी चिडचिड होते, डोके जड होते. हिरड्यांवर बोट फिरले की बरे वाटते. ती तल्लफ शमलेली असते, दात बरा झालेला नसतो. व्हॅरेनिक्लीन हे औषध याच ग्राहींवर बसून त्यांना अर्धवटच उद्दीपित करते, त्यामुळे तल्लफ कमी होते आणि तंबाखूची मजाही.