पाळी गेल्यावर पुन्हा रक्त : सीमाभागातली पार्श्वभूमी

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सहसा लपून बसत नाही. पाळी गेलेल्या वयात हा आजार झालेल्या शंभर बायकांपैकी नव्वदेक जणींना त्याआधी रक्त दिसलेलं असतं. उलटीकडून पाहिलं, तर पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर ज्यांना पुन्हा रक्त जातं, त्या शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींना हा कॅन्सर निघतो. बाकीच्यांचं कारण बहुतेकदा साधं असतं, अस्तर सुकलेलं असतं किंवा आत मऊ गाठ असते. पण कोणाचं साधं आणि कोणाचं नाही, हे अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात नेमकी हीच पायरी गाळली जाते. रक्त एकतर वर्षभर अंगावर काढलं जातं, नाहीतर थेट गर्भपिशवी काढली जाते. हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

बायकांच्या रक्तस्रावाच्या बाबतीत बेळगावचं नाव वैद्यकीय जगाला चांगलं ठाऊक आहे. 2002 ते 2005 या काळात इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागात एक अभ्यास केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत बाळंतपण झालेल्या 1620 बायका त्यात होत्या. बाळंतपणानंतर निम्म्या जणींना गावातल्या सिस्टरनी मिसोप्रोस्टॉल या, गर्भाशय आकसवून रक्त आवरणाऱ्या औषधाची गोळी दिली. रक्त अंदाजानं नव्हे, मापानं धरलं गेलं. बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं कापड पसरायचं, त्याला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलीलिटरच्या खुणा. डोळ्यांनी केलेला अंदाज खऱ्या रक्तापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी भरतो, हेही इथल्याच जिल्हा रुग्णालयातल्या अभ्यासात दिसलं. गोळीनं जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. या जिल्ह्यातल्या सिस्टरनी आणि बाळंतिणींनी जगाला दिलेली ही गोष्ट आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे.

पण बाळंतिणीच्या रक्ताला लाभलेलं हे लक्ष पंचेचाळिशीतल्या आणि साठीतल्या बाईच्या रक्ताला कधी लाभलं नाही. आपल्या आरोग्य व्यवस्थेची घडणच माता-बाल आणि कुटुंब नियोजन या दोन खांबांवर झाली. नसबंदीचं ऑपरेशन झालं, धाकटं मूल शाळेत गेलं, की बाईचं नाव सिस्टरच्या रजिस्टरमधून जणू पुसलं जातं. 1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास लॅन्सेट या नियतकालिकात छापला. त्यांनी 650 बायका तपासल्या. 92 टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तो अभ्यास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा असला, तरी आमच्याकडची कोणतीही आशाताई तो ऐकून नवल करणार नाही.

किती रक्त म्हणजे जास्त, याचं माप 1960च्या दशकात स्वीडनमध्ये ठरलं. गोथेनबर्गच्या संशोधकांनी बायकांचे वापरलेले पॅड गोळा करून त्यातलं रक्त रसायनानं मोजलं आणि एका पाळीला 80 मिलीलिटरची रेघ ओढली. घडी घातलेलं जुनं लुगडं वापरून, धुऊन, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी वाळत घालणाऱ्या बाईला ते माप काय कामाचं? तिला एवढंच कळतं की जिना चढताना धाप लागते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यात खाण्यापिण्याची आबाळ आहेच, पण महिन्यामागून महिने जाणारं रक्तही आहे.

रक्त का जातं, याची सर्वमान्य मांडणी बरीच उशिरा आली. 2011 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं नऊ गटांत कारणं लावून दिली. मऊ गाठी, फायब्रॉइड म्हणजे स्नायूच्या गाठी, अस्तर स्नायूत शिरणं, रक्त न गोठणं, बीज वेळेवर न सुटणं, औषधांचा परिणाम अशा त्या यादीत कॅन्सर आणि त्याच्या आधीची अस्तराची वाढ हा एक गट आहे. ही वाढ होते ती इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे. त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, नसेल, तर अस्तर जाडच होत जातं. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देण्याची लाट आली होती, आणि 1975 मध्ये त्याचा या कॅन्सरशी असलेला संबंध उघड झाला. आमच्याकडे कोणी अशा गोळ्या घेत नाही, पण शरीरातली चरबीही इस्ट्रोजेन बनवते. वाढलेलं वजन, मधुमेह, वर्षानुवर्षं अनियमित पाळी हे सगळं आता बेळगाव-निपाणीच्या घराघरांत आहे. श्रीमंत देशांचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार आपल्याकडे येण्याची वाट त्यातूनच तयार झाली आहे. 2020 मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे 4 लाख 17 हजार नवे रुग्ण आणि 97 हजार मृत्यू नोंदवले गेले. रुग्ण श्रीमंत देशांत जास्त, पण तिथल्या बहुतेक जणी आजार गर्भाशयातच असताना सापडतात आणि वाचतात. गरीब देशांत निदानालाच उशीर होतो.

सरकारी मोहिमा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर गेल्या, आणि ते बरोबरच होतं, कारण भारतात त्याचे रुग्ण कितीतरी जास्त आहेत. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासानं 2009 मध्ये दाखवलं, की एचपीव्ही या, त्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची एकदाच केलेली तपासणीही पुरते, तिनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. 2016च्या राष्ट्रीय सूचनांनुसार तिशीपुढच्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ठरली. पण ॲसिटिक ॲसिड लावून केलेली ती तपासणी तोंडापुरतीच असते, आतलं अस्तर तिला दिसत नाही. शिबिरात ‘नॉर्मल’ असा कागद मिळालेली बाई पुढे रक्त गेलं तरी तोच कागद दाखवते. अस्तरासाठी सरसकट करता येईल अशी चाचणीच नाही. लक्षण दिसलं की तपासायचं, एवढीच वाट आहे.

आणि लक्षण गप्प करणं फार सोपं आहे. सौंदत्तीची यात्रा, घरातलं लग्न, गौरी-गणपती असलं की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणणं आता घरोघरी माहीत आहे. त्याच गोळ्या कधी कधी पन्नाशीतली बाईही घेते, कारण तिला वाटतं पाळी परत आली. गोळ्या असतात प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या, त्यामुळे रक्त काही दिवस थांबतंही. त्यात कॅन्सर असला, तर हातचे महिने जातात.

दुसरा रस्ता ऑपरेशनचा. 2015-16च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या 3.2 टक्के बायकांची पिशवी काढलेली आढळली, बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली, आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितलं ते जास्त रक्त जाण्याचं. कर्नाटकातच कलबुर्गीमध्ये लंबाणी आणि दलित बायकांच्या अशा ऑपरेशनांवरून 2015च्या सुमारास मोठा आवाज उठला. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात, तेव्हा ती बातमी आम्हाला परक्या मुलखाची वाटली नाही. अखेर 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं.

ऑपरेशननंतर नातेवाइकांना बाहेर बोलावून ट्रेमधली पिशवी दाखवण्याची पद्धत आहे. “बघा, खराब झाली होती,” असं सांगितलं जातं. डोळ्यांनी पाहून पिशवीत कॅन्सर आहे की नाही हे नेहमी कळत नाही. ती फॉर्मलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या, डब्यात पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवी. लहान दवाखान्यात तो डबा मुलाच्या नाहीतर जावयाच्या हातात देतात, तपासणीचे पैसे वेगळे सांगतात, आणि ऑपरेशनलाच कर्ज काढलेलं घर तिथे विचारात पडतं. आत कॅन्सर असेल आणि आधी तुकडा तपासलेला नसेल, तर साधं ऑपरेशन अपुरं पडू शकतं. आजार किती पसरला होता हे नंतर सांगणं अवघड होतं, आणि पुढचा इलाज अंदाजानं ठरवावा लागतो. पिशवी काढली म्हणजे संपलं, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

यात सीमेची भर पडते. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. पण दुखणं घेऊन जायच्या वाटा जुन्याच राहिल्या. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये उभारलेलं मिशन हॉस्पिटल, मग कोल्हापूर, सांगली. निपाणीच्या विडी कामगार बाईला कोल्हापूर जवळ, रेशन कार्ड मात्र कर्नाटकाचं. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना देण्याचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारनं कडाडून विरोध केला. या वादात बाईच्या फाइलचे दोन तुकडे होतात. सोनोग्राफी इथली, ऑपरेशन तिकडचं, आणि तुकड्याचा रिपोर्ट कोणाकडेच नाही. दोन्ही सरकारांनी भांडायला दुसरे विषय शोधावेत, एवढंच मी म्हणेन.

बेळगावात जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते केएलई या शिक्षणसंस्थेच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. त्याआधीही शहरात दोन मेडिकल कॉलेजं आणि त्यांचे पॅथॉलॉजी विभाग होतेच. म्हणजे इलाज आता दारात आहे. अडतं ते तालुक्याला. अस्तराचा तुकडा घ्यायची पिपेल नावाची बारीक प्लॅस्टिकची नळी 1984 मध्ये आली. तिला भूल लागत नाही, टाके लागत नाहीत, बाई त्याच दिवशी घरी जाते. खानापूर, चिकोडी, निपाणीच्या सरकारी दवाखान्यांत ही नळी आणि फॉर्मलिनच्या बाटल्या कायम असाव्यात, आठवड्यातून एकदा नमुने बेळगावला जावेत आणि रिपोर्टची खबर आशाताईंमार्फत बाईच्या घरी पोचावी. मिसोप्रोस्टॉलच्या अभ्यासात याच जिल्ह्यातल्या सिस्टरनी याहून किचकट नोंदी चोख ठेवल्या होत्या.