इंकजेट छायाचित्रछपाई : कागदाचा बाक आणि ओरखडे

साधारण १७ इंच व त्याहून रुंद कागदावर इंकजेट यंत्राने छायाचित्र छापताना कागद वाकतो, त्यावर लाटा उठतात किंवा चरे पडतात. छपाई सुरू असताना पडणारे बहुतेक चरे मुळात बाकामुळेच पडतात; म्हणून यंत्राच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी खोलीतली हवा पाहिलेली बरी.

प्रिंटहेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, कागदापासून साधारण १ ते २ मिमी. उंचीवरून धावते. एखादी कड तेवढी वर आली, की हेड तिला घासते, शाई फरफटते आणि कधी नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रेही बुजतात. कागदातले सेल्युलोजचे तंतू ओलाव्याने जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही. त्यात शाई धरणारा लेप बहुधा एकाच अंगाला असतो, त्यामुळे दोन्ही अंगे सारखी फुगत-आक्रसत नाहीत. कोरड्या हवेत लेप आक्रसून कडा वर उचलतात. बरायटा कागदांत (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) हे विशेष जाणवते. रेझिन-कोटेड कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिएथिलीनचा थर असल्याने तो सहसा पन्हळत नाही. सुती कागद मात्र गडद भागात शाई जास्त पडली की पन्हळतो. रोलचा शेवटचा भाग गाभ्याभोवती घट्ट गुंडाळलेला असतो, म्हणून तिथे बाक सर्वांत हट्टी.

कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये सुरू झालेल्या नॅश एडिशन्स या छपाईगृहाने कलाछपाईसाठी वापरलेल्या आयरिस ३०४७ यंत्रात कागद फिरत्या ड्रमवर पक्का बसवत. कडा उचलण्याची फारशी सोयच नव्हती. पुढच्या यंत्रांत कागद सपाट पाट्यावरून सरकू लागला आणि त्याला धरून ठेवण्याचे काम रोलर व हवेच्या ओढीवर आले. पहिल्या आणि शेवटच्या काही सेंटीमीटरांत कागद एकाच बाजूच्या रोलरांत असतो. कॅननच्या काही प्रिंटरांत आर्ट पेपरला वर-खाली सुमारे ३ सेंमी. समास सक्तीचा असे, तो याचसाठी. वापरणाऱ्यांना तो जाचक वाटे, पण तो विनाकारण नव्हता.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के राखणे हा मुख्य उपाय. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते आणि उघडा पडलेला कागद सादळतो. विदर्भातल्या मे महिन्यात उलटा त्रास. कागद बंद पिशवीत ठेवावा आणि छपाईच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत आणावा. वाकलेला ताव रिकाम्या गाभ्यावर उलटा गुंडाळून काही सेकंद धरला तर सरळ होतो, मात्र जोर जास्त झाला तर लेपाला तडे जातात.

एवढे करूनही हेड घासत असेल, तर हेड व कागद यांमधले अंतर एका पायरीने वाढवावे. एप्सनच्या यंत्रांत याला प्लॅटन गॅप म्हणतात. हे फुकट मिळत नाही: थेंबांना लांबून पडावे लागते, रेषा किंचित मऊ होतात, म्हणून हेडची जुळणी पुन्हा करावी.

छपाईनंतरचे ओरखडे वेगळे. पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई बरीचशी पृष्ठभागावर राहते, त्यामुळे मॅट कागदावरचा काळा रंग नखाच्या स्पर्शानेही चमकतो. सुती हातमोजे घालावेत आणि थप्पी लावताना प्रत्येक प्रिंटमध्ये आम्लरहित टिश्यू घालावा. काळ्या भागातले पांढरे ठिपके मात्र पुष्कळदा ओरखडे नसतात: छपाईपूर्वी कागदावर असलेली तंतूंची कूस नंतर गळून पडते आणि खालचा कोरा कागद उघडा पडतो. त्यासाठी छापण्यापूर्वी मऊ ब्रश फिरवणे पुरते.