कचरा प्रकल्पाची जनसुनावणी : ठाणे-नवी मुंबईत हरकत कोण नोंदवू शकतं, कुठे आणि कशी

आपल्या भागात कचरा प्रक्रिया किंवा रिसायकलिंगचा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणाला दिव्याचं डम्पिंग आठवतं, कुणाला तुर्भ्याचं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू होते आणि 'आमचा तीव्र विरोध आहे' असं निवेदन आयुक्तांच्या टपालात जाऊन पडतं. सह्या जरूर गोळा करा. पण जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. शंभर सह्यांचा नुसता विरोध इतिवृत्तात एका ओळीत उरकतो. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातलं पान दाखवून विचारलेला एक नेमका प्रश्न मात्र प्रकल्पवाल्यांना टाळता येत नाही, त्याची दखल त्यांना अंतिम अहवालात घ्यावीच लागते.

आधी प्रकल्प कोणत्या वाटेने येतोय ते बघा

प्रत्येक कचरा प्रकल्पाला जनसुनावणी लागतेच, असं नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत सामायिक घनकचरा व्यवस्थापन सुविधा 'ब' प्रवर्गात येतात. त्यातही प्रकल्प 'ब-१' ठरला तर पर्यावरण अहवाल आणि लोकांचा सल्ला दोन्ही आले. 'ब-२' ठरला तर जनसुनावणी नाही. त्यामुळे 'सुनावणी कधी आहे?' हे विचारण्याआधी 'प्रकल्प कुठल्या प्रवर्गात टाकलाय?' हे विचारा. केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर प्रस्तावाची कागदपत्रं बघायला मिळतात.

दुसरी वाट भूखंडाच्या आरक्षणाची. जागा विकास आराखड्यात उद्यानासाठी किंवा शाळेसाठी राखीव असेल आणि ती कचऱ्यासाठी वळवायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी राजपत्रात सूचना निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. यातली मेख अशी की सुनावणी होते ती लेखी हरकत दिलेल्यांचीच. पर्यावरणाच्या जनसुनावणीत हजर असलेला कुणीही उठून बोलू शकतो, इथे तसं चालत नाही. ज्याचा कागद नाही, त्याला बोलावणं नाही.

वस्तीतलं सुका कचरा वर्गीकरणाचं छोटं केंद्र असेल, तर बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही. तिथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि महापालिकेचा निर्णय, एवढंच. अशा वेळी मंडळाचे प्रादेशिक अधिकारी आणि पालिकेचा घनकचरा विभाग या दोघांनाही लेखी कळवायचं.

कोण बोलू शकतं

अधिसूचनेत दोन गट आहेत. प्रकल्पाच्या परिसरातले बाधित लोक आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूशी रास्त संबंध असलेले इतर. पहिल्यांसाठी प्रत्यक्ष सुनावणी, दुसऱ्यांसाठी लेखी म्हणणं. घर मालकीचं हवं, मतदार यादीत नाव हवं, अशी अट नाही. भाडेकरू, खाडीत मासेमारी करणारे कोळी बांधव, गावठाणातले प्रकल्पग्रस्त, शेजारच्या शाळेतले शिक्षक, वर्गीकरणावर पोट असलेले कचरावेचक, सगळ्यांना जागा आहे. कचरावेचकांना कुणी आवर्जून बोलावत नाही, म्हणून त्यांचा इथे मुद्दाम उल्लेख. यांत्रिक प्रकल्प आला की सुक्या कचऱ्यावरची त्यांची कमाई कुठे जाते, हा प्रश्न त्यांनीच मांडायला हवा. आणि हो, पाठिंबाही नोंदवता येतो. 'प्रकल्प व्हावा, पण शेड बंदिस्त हवी आणि डम्परची वेळ शाळेच्या वेळेत नको' ही सूचना कोऱ्या विरोधापेक्षा जास्त उपयोगाची ठरू शकते.

जिल्ह्याचा घोळ मात्र टाळा. नवी मुंबई महापालिकेची हद्द ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणून वाशी, नेरूळ, ऐरोलीवाल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्यातच. खारघर-कामोठ्याचे लोक स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात, पण त्यांची महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. प्रकल्प दोन जिल्ह्यांत पसरत असेल तर सुनावणीही जिल्हावार वेगळी होते.

तीस दिवसांत काय करायचं

सुनावणीची जाहिरात एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका मराठी दैनिकात यावी लागते, किमान ३० दिवस आधी. वर्तमानपत्र पोचत नाही अशा भागात दवंडी पिटण्याचीही तरतूद अधिसूचनेत आहे. ठाण्यात दवंडी कुणी ऐकणार नाही, पण जाहिरातही सहसा आतल्या पानावर बारीक अक्षरात असते, तेव्हा त्या महिन्यात वर्गणीतला पेपर चाळायची जबाबदारी कुणाला तरी द्या.

पुष्कळजण इथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट बघत बसतात. उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात आणि सुनावणीही ३० दिवसांवर. उत्तर येईतो मांडव उठलेला असतो. खरं तर त्याची गरजच नाही. पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत कुणालाही बघू द्यायचा असतो. त्याचा मराठी सारांशही ठेवावा लागतो. सारांशावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात सगळं गोडगोड असतं. मुख्य इंग्रजी अहवालातले नकाशे आणि तक्ते बघा, मोबाइलवर पानांचे फोटो काढू देतात का ते विचारा.

अहवाल हातात आला की एक गोष्ट सर्वांत आधी तपासा : हवा-पाण्याची मोजणी कोणत्या महिन्यांत झाली? नेहमीची पद्धत म्हणजे पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी. आता आपल्याकडे बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लीचेट, तेव्हाच सर्वांत जास्त वाहतं. डिसेंबरात कोरड्या नाल्याचं पाणी तपासून जुलैचा अंदाज कसा बांधला, हा प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक कचरा प्रकल्पाला विचारायला हवा. त्या नाल्याचं पाणी शेवटी खाडीत जातं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हेही जोडून लिहा.

मग अभ्यासक्षेत्र बघा. ते साधारण १० किलोमीटर त्रिज्येचं असतं. तुर्भ्याभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर वाशी, नेरूळ, कोपरखैरणे सगळं आत येतं. वासाचा आणि डासांचा त्रास 'परिसरात मोठी लोकवस्ती नाही' असं लिहून उडवून लावलेला असेल तर तिथेच बोट ठेवा.

अंतराच्या नियमावरून बराच गोंधळ असतो. वस्तीपासून २०० मीटर ही २०१६ च्या घनकचरा नियमांतली अट भरावभूमीसाठी, म्हणजे लँडफिलसाठी होती, प्रत्येक वर्गीकरण शेडसाठी नाही. चुकीचं कलम उगारलं की समोरचा सल्लागार तेवढंच खोडून बसतो आणि बाकीचे चांगले मुद्दे वाया जातात.

पत्र कसं लिहायचं, सोबत काय जोडायचं

छापील नमुना शोधत बसू नका. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. वर प्रकल्पाचं जाहिरातीतलं पूर्ण नाव आणि जाहिरातीची तारीख, खाली आपलं नाव, पत्ता, सही. मधला मजकूर असा :

'मसुदा अहवालातील पान क्र. ___ वर पाण्याचे नमुने फक्त हिवाळ्यात घेतल्याचे दिसते. पावसाळ्यात प्रकल्पाच्या जागेलगतचा नाला भरून आमच्या सोसायटीच्या मागील रस्त्यावर येतो. मागील दोन पावसाळ्यांतील फोटो सोबत जोडले आहेत. पावसाळ्यात लीचेट साठवण्याची टाकी किती क्षमतेची असेल आणि ती भरल्यास पाणी कोठे सोडले जाईल, याचे उत्तर अंतिम अहवालात द्यावे.'

एका पत्रात तीन-चारच मुद्दे ठेवा, प्रत्येक मुद्द्यावर एक मागणी. ओळखपत्राची प्रत अधिसूचना मागत नाही, पण सभागृहाच्या दारात नाव लिहून घेतात, म्हणून एखादं ओळखपत्र खिशात असावं. सोसायटीच्या वतीने लिहिताना व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत जोडा, नाहीतर अध्यक्षांचं पत्र हे त्यांचं वैयक्तिक मत धरलं जातं. मच्छीमार संस्थेने नोंदणी प्रमाणपत्र, जमीनवाल्याने सातबारा, विहीर असेल तर पाणी तपासणीचा अहवाल जोडावा. फोटोंच्या मागे तारीख आणि ठिकाण पेनाने लिहा.

पत्र प्रदूषण मंडळाच्या ज्या कार्यालयाचा पत्ता किंवा ईमेल जाहिरातीत दिलाय तिथेच द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, साहेब आले की बघतील' म्हटलं तरी नाही.

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात, सोबत मंडळाचे प्रतिनिधी. गणसंख्येची अट नाही, म्हणजे आलात दहा जण तरी सुनावणी झालीच असं धरतात. बहिष्कार टाकून ती रद्द होत नाही. आधी प्रकल्पवाले सादरीकरण करतात, मग हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी मिळायला हवी. चित्रीकरण सुरू असतं, त्यामुळे माइक हातात घेऊन आधी नाव आणि गाव सांगा, मग लेखी पत्रातला मुद्दाच वाचा. घोषणांच्या गलक्यात बोललेलं कॅमेऱ्यात उमटत नाही आणि इतिवृत्तात फक्त 'उपस्थितांनी विरोध दर्शविला' एवढं उरतं.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत महत्त्वाची, आणि लोक नेमके तेव्हाच घरी निघतात. नोंदवलेलं इतिवृत्त त्याच सभेत मराठीतून वाचून, समजावून सांगायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही होते. आपला मुद्दा गाळला गेला असेल तर उठून तिथल्या तिथे सांगायचं. सही झाल्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही.

त्यानंतर

सुनावणी संपल्यापासून आठ दिवसांत कागदपत्रं मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे जातात. प्रकल्पवाले आपल्या मुद्द्यांची उत्तरं घालून अंतिम अहवाल सादर करतात, राज्य तज्ज्ञ समिती तो तपासते आणि निर्णय राज्य पर्यावरण प्राधिकरण देतं. हा टप्पा काही महिने चालू शकतो, तोवर 'परिवेश'वर प्रस्तावाची स्थिती अधूनमधून बघत राहा. मंजुरी मिळाली आणि ती मान्य नसेल, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळते, त्यापुढे नाही. वकिलाकडे जाताना शिक्का मारलेली प्रत सोबत न्या, तो पहिल्यांदा तीच मागेल.