एपीएमसीबद्दलच्या सरकारी आदेशाविरुद्ध धारवाडला रिट घालायची तर काय काय लागतं

एपीएमसीबद्दल, म्हणजे शेतमालाच्या बाजार समितीबद्दल, सरकारचं काहीतरी नवीन निघालं की आपल्या बेळगावात दोन दिवसात कुणीतरी म्हणतंयच, चला कोर्टात. जा की, रिट म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात घातलेला अर्ज, पण आधी एक समजून घ्या. मार्केटची मक्तेदारी मोडणं चांगलं की वाईट, यावर कोर्ट बसत नाही. ज्यानं मोडली त्याला तो अधिकार होता काय आणि कायद्यातली पद्धत पाळली काय, एवढंच बघतात.

कॅनडाचं बघा. तिथं पश्चिम भागातल्या शेतकऱ्याला गहू-बार्ली निर्यातीला किंवा खाण्यासाठी विकायची तर व्हीट बोर्डामार्फतच, अशी सक्ती होती. 2007 मध्ये सरकारनं नुसता नियम काढून बार्ली मोकळी केली, कोर्टानं तो उडवला, हे काम पार्लमेंटचं म्हणून. मग 2011 मध्ये सरकारनं कायदाच आणला. मंत्र्यानं आधी शेतकऱ्यांचं मतदान घ्यायला हवं होतं असं खालचं कोर्ट म्हणालं, पण 2012 च्या जूनमध्ये अपिलात ते उलटलं आणि 1 ऑगस्टला मक्तेदारी संपली. म्हणजे आदेशाला आव्हान दिलं तर हाताला काहीतरी लागतं, कायद्याला आव्हान देणं लई अवघड.

आपल्याकडे एपीएमसीचा मूळ कायदा 1966 चा, राज्याचा. 2020 मध्ये केंद्रानं एपीएमसीच्या यार्डाबाहेरच्या (बाजार आवाराबाहेरच्या) व्यापाराचा कायदा केला तेव्हा बाजार हा विषय राज्याचा की केंद्राचा हाच वाद होता, सुप्रीम कोर्टानं 12 जानेवारी 2021 ला स्टे दिला, आणि नोव्हेंबरमध्ये कायदेच मागं घेतले त्यामुळे तो निकाल काही लागला नाही.

आता कोण जाऊ शकतं. ज्याच्या हक्काला प्रत्यक्ष धक्का लागलाय तो. यार्डात रताळी, बटाटा घालणारा शेतकरी चालतो, लायसन असलेला अडत्या चालतो, रजिस्टर असलेली संघटना पण चालते पण तिचा ठराव पाहिजे. नुसतं गावचा पुढारी म्हणून गेलात तर पहिला प्रश्न येतो, तुमचं काय गेलं?

कागदात सगळ्यात आधी त्या आदेशाची कॉपी. पेपरातलं कात्रण दाखवून भागत नाही. ऑफिस देत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून मागा, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. मग आधार, शेताचा उतारा, व्यापारी असाल तर लायसन, आणि माल घातल्याच्या पट्ट्या. पट्ट्या म्हणजे पक्क्या हं, पांढऱ्या चिटोऱ्यावर आकडे लिहून दिलेल्या नकोत, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे तेवढ्याच असतात ही खरी गोची. शिवाय अधिकाऱ्याला आधी निवेदन दिलेलं असलं तर त्याची पोच, शिक्क्यासकट. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे उतारा कन्नड आणि पट्टी मराठी असली तर दोन्हीचं भाषांतर जोडायचं. आमच्या ओळखीच्या एकानं ते जोडलंच नाही, ऑब्जेक्शन निघालं आणि तेवढ्यासाठी परत धारवाडची फेरी.

बेळगाव जिल्हा कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचखाली येतो, बेंगळूरला जायची गरज नाही. वकील घटनेच्या कलम 226 खाली रिट तयार करतो, तुम्ही वकालतनाम्यावर सही करायची आणि अ‍ॅफिडेव्हिट करायचं. अ‍ॅफिडेव्हिट पूर्ण वाचून घ्या, कळलं नाही तर मराठीत समजावून सांगा म्हणा, कारण शपथ तुमची असते वकिलाची नाही. स्टे पाहिजे असला तर त्याचा अर्ज त्याच्याबरोबरच घालायचा, आणि स्टे नाही मिळाला तर केस चालू असली तरी आदेश लागूच राहतो हे ध्यानात ठेवा.

रिटला ठराविक मुदत नाही म्हणून वर्षभर बसून राहू नका, उशीर का झाला हे कोर्ट विचारतंच. कोर्ट फी विशेष नसते, खर्च असतो वकिलाचा. बायका, एससी-एसटी, अपंग आणि कमी उत्पन्नवाले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो, बेळगावच्या कोर्ट आवारात जाऊन अर्ज मागायचा, जाताना जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या.