कमी सोडियमचे मीठ किडनीच्या रुग्णाला का चालत नाही?

जानेवारी २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की घरी मीठ वापरायचेच असेल, तर साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचे वापरावे. रक्तदाबाच्या दृष्टीने सल्ला उत्तमच. पण किडनीचे काम मंदावलेल्यांना त्यातून वगळले होते, आणि ही ओळ बातमीच्या मथळ्यात मावत नाही. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. किडनीच्या रुग्णाच्या जिवावर तेच उठू शकते, तेही हृदयाच्या वाटेने.

आपल्या शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आत लिटरमागे साधारण १४० मिलिइक्विव्हॅलंट (आयन मोजायचे एकक), तर रक्तात जेमतेम ३.५ ते ५. ही तफावत राखतो पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप: तीन सोडियम आयन बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी तो १९५७मध्ये उजेडात आणला आणि १९९७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

खरी गंमत पुढेच आहे. विश्रांतीत हृदयपेशीच्या पटलातून मुख्यतः पोटॅशियमच बाहेर झिरपते. जाताना धन प्रभार नेते, त्यामुळे आतली बाजू ऋण होते. हा ऋण विभव (पटलाच्या दोन बाजूंतला विद्युतदाबाचा फरक) किती, हे आतल्या-बाहेरच्या प्रमाणावर ठरते. हा विभव काढून देणाऱ्या नेर्न्स्टच्या समीकरणाने पाहा: उणे ६१ गुणिले त्या प्रमाणाचा लॉगॅरिदम. रक्तात पोटॅशियम ४ असेल तर उत्तर येते उणे ९४ मिलिव्होल्ट. ७ झाले की उणे ७९. अवघ्या ३ एककांच्या वाढीने १५ मिलिव्होल्टचा फरक!

तो महाग का पडतो? ठोक्याची विद्युतलहर पुढे नेणाऱ्या सोडियम वाहिन्या, म्हणजे पटलातली सोडियमची दारे, उंदराच्या सापळ्यासारख्या असतात. एकदा उडाल्या की पुन्हा लावाव्या लागतात, आणि विभव पुरेसा ऋण असेल तरच त्या लागतात. उणे ९० च्या आसपास बहुतेक तयार असतात. विभव वर, म्हणजे शून्याकडे, सरकला की त्यांतल्या बऱ्याच निकामी राहतात. मग लहर मंदावते, कुठे अडते, कुठे उलटी फिरते. इसीजीवर आधी टी लहर (खालच्या कप्प्यांच्या सावरण्याची) टोकदार होते, पी (वरच्या कप्प्यांची) सपाट होते, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) रुंदावतो. शेवटी ठोके बेताल होतात किंवा हृदय थांबते. हा क्रम पाळला जाईलच असेही नाही. पोटॅशियम बरेच वाढूनही इसीजी ठीक दिसू शकतो. म्हणून रक्ततपासणी हवीच.

पोटात गेलेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के किडनी बाहेर टाकते. काही नेफ्रॉन (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या) गेले तरी उरलेले जास्त राबतात, त्यामुळे पोटॅशियमचा आकडा बराच काळ नॉर्मल राहतो आणि रुग्ण निश्चिंत असतो. अशा वेळी एसीई इनहिबिटर किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची औषधे, काही वेदनाशामके किंवा हे मीठ, एवढा धक्काही पुरतो. यातली रक्तदाबाची औषधे किडनीला आणि हृदयाला जपणारी आहेत. ती मनाने बंद करू नयेत, ठरलेल्या वेळी पोटॅशियम तपासावे. ‘किडनी साफ करणारे’ रस मात्र सरळ नाकारावेत. साफ तर काही होत नाहीच, उलट फळाभाज्यांच्या रसातून पोटॅशियमचा मोठा डोस जातो.

डायलिसिसवरच्या रुग्णांत दोन डायलिसिसमधल्या दोन दिवसांच्या खंडानंतर, म्हणजे पोटॅशियम साचायला जास्त वेळ मिळाल्यावर, मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळते. जाड झालेली हृदयाची भिंत आणि तिच्यात वाढलेले व्रणासारखे तंतू धोक्यात भर घालतात. डायलिसिसमध्ये पोटॅशियम झपाट्याने उतरले तरीही लय बिघडू शकते.

पोटॅशियममुळे इसीजी बिघडला की डॉक्टर आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याने पोटॅशियम तसूभरही कमी होत नाही, तरी काही मिनिटांत क्यूआरएस पुन्हा अरुंद होऊ लागतो. हा आधार अर्धा ते एक तास टिकतो. तेवढ्यात इन्शुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला पेशींत ढकलतात. पण ते शरीरातच असते; बाहेर काढायला लघवी वाढवणारी किंवा पोटॅशियम बांधणारी औषधे, नाहीतर डायलिसिस लागते.