कारखाना बंद, जमीन मोकळी: ठाण्यातल्या दोन कायद्यांची पार्श्वभूमी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेतला ३०० हा आकडा ठाणे-बेलापूर पट्ट्याने नीट समजून घ्यायला हवा. कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन आजवर केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून होते. आता ते ३०० पासून आहे. ठाण्यात कारखाना बंद पडला की नोकऱ्या जातातच, पण त्यामागोमाग जमिनीचा व्यवहारही येतो. म्हणून हा बदल एकट्या कामगार कायद्यापुरता पाहून चालणार नाही.

ठाण्याची औद्योगिक ओळख जुनी. पुढे रेमंड म्हणून ओळखली गेलेली लोकरीची गिरणी इथे १९२५ मध्ये सुरू झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. त्यानंतर खाडीपलीकडे दिघा, ऐरोलीपासून खाली टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्राचा) रासायनिक आणि इंजिनीअरिंगचा पट्टा वाढला. एक फरक इथेच नोंदवतो. वागळे आणि टीटीसीमधले भूखंड एमआयडीसीने भाडेपट्ट्याने दिलेले, तर पोखरण रस्ता आणि घोडबंदर बाजूच्या मोठ्या कारखान्यांच्या जमिनी बहुतांशी खासगी मालकीच्या. टॉवर प्रामुख्याने कुठे उगवले, ते यावरून कळते.

या कहाणीमागे दोन कायदे आहेत: कारखानाबंदीला परवानगी मागायला लावणारा औद्योगिक विवाद कायदा आणि नागरी जमीन कमाल धारणा कायदा. पहिल्यातली ही तरतूद आणि दुसरा कायदा, दोन्ही १९७६ सालचे, आणीबाणीच्या काळातले. त्या वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात पाच-ब प्रकरण आले: ३०० किंवा अधिक कामगार असतील, तर कामगार कपात, ले-ऑफ (तात्पुरते काम थांबवणे) आणि कारखानाबंदीला सरकारची परवानगी हवी. म्हणजे ३०० हा आकडा मूळचाच आहे. मुंबईतल्या एक्सेल वेअर या कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखानाबंदीबाबतचे कलम घटनाबाह्य ठरवले. संसदेने १९८२ मध्ये दुरुस्ती करून ते पुन्हा आणले आणि मर्यादा १०० वर उतरवली. ही दुरुस्ती १९८४ पासून अमलात आली. सरकारने ६० दिवसांत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे धरायचे, अशीही तरतूद होती. पण रीतसर परवानगी मागण्यापेक्षा दुसरी वाट सोपी होती. आधी नवी भरती थांबवायची, मग काम कंत्राटदाराकडे किंवा दुसऱ्या गावच्या युनिटला द्यायचे, मग व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) नोटीस लावायची. शेवटी गेट बंद होई, तेव्हा आत मूठभर कायम कामगार उरलेले असत. कायद्याने संरक्षण दिले होते, यात शंका नाही; पण ते हाजिरीपटावर नाव असलेल्यालाच मिळाले.

दुसरा कायदा नागरी जमीन कमाल धारणेचा. शहरातली अतिरिक्त जमीन सरकारने घ्यावी आणि गरजूंच्या घरांसाठी वापरावी, हा त्याचा हेतू. कलम २० खाली मात्र अटींवर सूट देता येत असे, आणि उद्योगासाठी म्हणून अशा सवलती मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या. केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला. महाराष्ट्राने तो निर्णय २९ नोव्हेंबर २००७ पासून स्वीकारला. मग सवलतीच्या अटींचे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये त्या अटी टिकून आहेत असे सांगितले आणि २०१९ मध्ये राज्याने अधिमूल्य (प्रीमियम) भरून त्या जमिनी मोकळ्या करण्याचा मार्ग काढला. दरम्यान भाव कुठे पोहोचला होता, याचे एक उदाहरण पुरे: २०१४ मध्ये पोखरण रस्ता क्रमांक २ वरची ग्लॅक्सोची ६० एकर जमीन ओबेरॉय रिअल्टीने ५५५ कोटी रुपयांना घेतली.

गिरणगावात निदान वाटा मागायला आधार होता. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतले ५८ वे कलम गिरण्यांच्या जमिनीतून महापालिका आणि म्हाडाला हिस्सा देत होते. २००१ च्या बदलाने तो हिस्सा आक्रसला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला, तरीही त्यातून गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली. ठाण्याच्या कारखान्यांना असे कलम कधी लागू झाले नाही. मला हा या शहराच्या कामगारांवरचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

ठाण्याला लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (डिसेंबर २०२०) गाठ आहे ती एका दाखल्याची. बंद उद्योगाची जमीन औद्योगिक विभागातून निवासी किंवा व्यापारी वापरात न्यायची, तर कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कामगारांची सर्व कायदेशीर देणी दिली आहेत किंवा व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात समाधानकारक तडजोड झाली आहे, असे त्यात नमूद असावे लागते. तडजोडीच्या आधारे बांधकाम सुरू झाले असेल, तर देणी फिटल्याचा दाखला येईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) द्यायचे नाही, असेही नियम सांगतो. तरतूद चांगली आहे. पण जिथे उद्योग कधीच नव्हता अशा मोकळ्या जागेला हा दाखला लागत नाही. शिवाय ‘कायदेशीर देणी’ म्हणजे पगार, ग्रॅच्युइटी, बंदीची भरपाई. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला एक रुपयाही त्यात येत नाही. ती भरपाई सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी. नव्या संहितेतही हे माप तसेच आहे.

कंत्राटी कामगार तर या हिशेबाच्या कडेलाच राहतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. पण कंत्राटी कामगाराला आपोआप कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यात दिला. महाराष्ट्रात हा कायदा आधी २० कामगारांपासून लागू होता, नंतर ५० पासून झाला. चार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही ५० च आहेत.

१०० ते २९९ कामगारांच्या कारखान्याला आता बंदीसाठी ६० दिवसांची नोटीस आणि भरपाई एवढेच पुरेल. परवानगीच्या अर्जावर सरकारसमोर सुनावणी होते, तिथे संघटना आपले म्हणणे मांडू शकते. तो टप्पा अशा कारखान्यांपुरता गेला. राहिला आयुक्तांचा दाखला. तो नगररचना विभागाच्या फाइलमध्ये असतो, गेटवरच्या फलकावर नाही. आपल्या कारखान्याचा दाखला कोणत्या अटींवर दिला, तडजोडीवर कोणी सही केली, हे कामगारांनी माहिती अधिकारात मागावे आणि इमारतीला भोगवटा मिळण्याआधी मागावे. त्यानंतर अडवायला हातात काही राहत नाही.